अकरा पुस्तकांचं नुकसान

तपासणीचे साहेब साडेतीनला येणार होते, आणि सव्वाअकरा वाजता मोठ्या बाईंनी मला पुस्तकं भिजवायला सांगितलं.

त्या ग्रंथालयाच्या दारात उभ्या होत्या. मागे शिपाईमामा, हातात पाण्याने भरलेली बादली. बाई म्हणाल्या, "खालच्या दोन फळ्या. बस. जास्त नको." आणि माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघत राहिल्या. त्या मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांनी मला पुष्कळ नको ती कामं सांगितली आहेत, पण सांगताना नजर कधी चुकवली नव्हती.

ग्रंथपाल म्हणून मी तापट आहे, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याची मी चारचौघांत हजेरी घेते. एकदा तर शाळेत आलेल्या पाहुण्यांनाही झापलं होतं, थुंकी लावून पानं उलटत होते म्हणून. त्यामुळे ती बादली बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली यात नवल नाही.

"बाई, ही पुस्तकं मी पाण्यातून बाहेर काढलीत. या हातांनी."

"म्हणूनच तर पंचाईत झालीय," त्या म्हणाल्या. मामांनी बादली दाराशी ठेवली आणि दोघंही निघून गेले.

पंचाईत अशी होती. तीन महिन्यांपूर्वी नदी शहरात शिरली. आमचं ग्रंथालय तळमजल्यावर. छताखालचा एक हात सोडला तर सगळी खोली दीड दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मी, मामा आणि माझा मोठा भाऊ, अशा तिघांनी चिखलातून चार हजारांवर पुस्तकं बाहेर काढली. दादा बाइंडर आहे. स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून तो बारा दिवस आमच्या व्हरांड्यात राबला. पानापानांत टीपकागद घातले, पातळ पुस्तकं दोरीवर टाकली, जाडजूड पुस्तकं पंख्याखाली उभी उघडून ठेवली, मग एकेक करून दाबाखाली घातली. माझी बोटं इतकी सुरकुतली होती की आठवडाभर मला सुईत दोरा ओवता आला नाही.

या धांदलीत चौथ्या दिवशी मदतनिधीचा अर्ज आला. तासाभरात भरून द्या म्हणाले. त्यात एक रकाना होता, "नुकसान झालेल्या पुस्तकांची संख्या". मी लिहिलं, अकरा. हातात घेतल्या घेतल्या ज्यांचा लगदा झाला, ती अकरा. बाकीची दोरीवर होती, पंख्याखाली होती. त्यांची आशा मी सोडली नव्हती, मग त्यांना नुकसान कसं म्हणू? मला तर त्या आकड्याचा अभिमान वाटला होता. छान वळणदार अक्षरात लिहिला होता. त्याच दिवशी आमच्या खेळाच्या सरांनी शाळेतले झाडून सगळे चेंडू नुकसानीत दाखवले, पुराच्या आधी दोन वर्षं फुटलेलेसुद्धा. सरांना नवे कोरे चेंडू मिळाले. बाकांना पैसे मिळाले, पंख्यांना मिळाले, रंगकामाला मिळाले. ग्रंथालयापुढे शेरा आला, "नुकसान नगण्य".

मग मी त्या कार्यालयाचे उंबरे झिजवायला लागले. सहा अर्ज दिले. तिथल्या बाकड्यावर माझी जागा ठरून गेली होती. कारकून फाइल उघडून माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "मॅडम, हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग आम्ही काय करणार?"

"अहो, मुलांनी नव्या बाकांवर बसून काय करायचं? पंखे वाचायचे?"

तो हसायचा आणि फाइल मिटायचा. पण मी चिकाटी सोडली नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे छापलेला कागद नसतो. ती मुलं वाचतात ती माझ्या खोलीत. संस्थेने तर साफ सांगून टाकलं होतं की मदत आली तर ग्रंथालय राहील, नाही तर खोली संगणकांना जाईल आणि पुस्तकं जिन्याखाली. सहाव्या अर्जानंतर एकदाचे फेरतपासणीला तयार झाले. आज साहेब येणार, पुस्तकं डोळ्यांनी बघणार, आणि पाच वाजता यादी बंद होणार. त्यानंतर देवाला सांगितलं तरी काही होणार नव्हतं.

आणि साहेबांना दिसणार काय? कपाटांत ओळीने उभी, कोरड्या पाठीची, नीट क्रमांक लावलेली पुस्तकं. माझी मेहनतच माझ्या मुळावर आली होती.

पण हे सगळं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी लपवून ठेवलं होतं.

पुस्तकं पुरातून वाचली नव्हती. वरून सुकलेलं पुस्तक कण्यात ओलं राहतं, जिथे शिवण असते आणि सरस असतो तिथे. महिन्याभरात तिथून बुरशी बाहेर यायला लागली. आधी मिरीएवढे काळे ठिपके, मग पानांच्या कडांना हिरवट धूळ. कपाट उघडलं की बंद तळघराचा वास यायचा. दादाने पाच-सहा पुस्तकं उघडून बघितली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाला, "ताई, सोड आता. आतून गेलीत ही. मुलांच्या हातात देऊ नकोस." माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा असून तो मला ताईच म्हणतो. मी त्याच्यावर खेकसले. म्हटलं, तू बारा दिवस राबलास आणि आता तूच हात वर करतोस? तो पिशवी उचलून गेला.

मी फडक्याने ठिपके पुसत राहिले, आणि पुस्तकं देत राहिले.

सहावीत एक मुलगी आहे. मी तिला वाळवी म्हणते. एका आठवड्यात एक फळी फस्त करते, म्हणून. आधी तिला राग यायचा, मग वहीवर स्वतःच तेच नाव लिहायला लागली. चिमणीएवढी चण, आणि दम्याची जुनी तक्रार. वीस दिवसांपूर्वी तिने एक जाडजूड पुस्तक मागितलं, दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. मी त्याचा कणा बघितला होता. मला माहीत होतं. तरी दिलं, कारण ती दोन्ही हात पुढे करून उभी होती आणि मला नाही म्हणवलं नाही. ती पांघरुणात तोंड खुपसून वाचते, हेही मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवस ऑक्सिजन. तिची आई पुस्तक परत करायला आली तेव्हा म्हणाली, "हवा बदलली की होतं तिला असं." मी मान हलवली. मूग गिळून गप्प बसले. त्या दिवसापासून देवघेव बंद केली, "फेरतपासणीसाठी" अशी पाटी लावून. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही.

तर अशी ती बादली दाराशी होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

बारा वाजले. मधली सुट्टी झाली. माझा डबा तसाच राहिला. दोन वाजता मोठ्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"यात खोटं काय आहे, सांगा मला. भिजली होती ना?"

"होती."

"खराब झालीत ना? नाक मलाही आहे, बाई. मग साहेबांना दिसेल असं दाखवायचं, एवढंच. ते दहा मिनिटं थांबणार. बुरशी म्हटलं तर म्हणतील, झटका आणि ठेवा."

त्या गेल्या आणि मी दार लोटून घेतलं. आता सांगायला लाज वाटते, पण मी बादली उचलली. आतल्या मगमध्ये पाणी घेतलं, खालच्या फळीसमोर गुडघे टेकले आणि पहिलंच पुस्तक बाहेर काढलं. दाखल क्रमांक एक. या शाळेने विकत घेतलेलं पहिलं पुस्तक. मी नोकरीला लागले तेव्हा त्याची पाठ निघाली होती आणि ती मीच चिकटवली होती. ते जमिनीवर ठेवून मी वरून पाणी ओतलं.

पाणी लागताच वास भपकन उठला. तीन महिने त्यात मुरलेलं सगळं एकदम वर आलं. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोकता खोकता मला दिसली ती पांघरुणात वाचणारी पोर. हाच वास तिने तीन रात्री छातीत भरून घेतला होता. माझ्या हातातला मग खाली पडला.

"काय चाललंय हे?"

साहेब तासभर आधी आले होते. दारात उभे होते, काखेत फाइल, चष्मा कपाळावर. मागे मोठ्या बाई, चेहरा पांढराफटक. माझ्यापुढे बादली, पाण्याचा मग, भिजलेलं पुस्तक, आणि मी गुडघ्यांवर. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

साहेब शांतपणे आत आले. वय झालेला, किडकिडीत माणूस. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, ओलं पुस्तक बघितलं, मग कपाटातली कोरडी बघितली. "याला काय म्हणतात माहीत आहे तुम्हाला?" ते म्हणाले. "मी हे लिहिलं तर ग्रंथालय राहू द्या, बाकांचे पैसेही परत मागतील. पूर्ण शाळा यादीतून जाईल."

"बादली मीच आणली," मी म्हणाले.

"मी पाठवली," मोठ्या बाई मागून म्हणाल्या. "त्यांना नको होतं. मी पाठवली."

साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस कमी होती. मला एवढंच कळत होतं की त्या पेनाने पहिली ओळ लिहायच्या आत काहीतरी केलं पाहिजे, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती. ती खणात, कुलपात होती. कुणी मागू नये म्हणून मीच तिथे ठेवली होती.

मी देवघेवीची वही काढली.

"साहेब, लिहा तुम्ही. पण आधी हे बघा. हा पुराआधीचा महिना. पुस्तक नेलं ती तारीख, आणलं ती तारीख. सरासरी आठ दिवस. आता पुरानंतरचा बघा. नेलं सोमवारी, आणलं मंगळवारी. नेलं बुधवारी, आणलं गुरुवारी. पूर्ण पान बघा. शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलंय, 'वास येतो म्हणाला'. 'डोळे चुरचुरतात म्हणाली'. ही पुस्तकं बाहेरून धड आहेत. आतून नाहीत."

त्यांनी बोट टेकवून ओळी वाचायला सुरुवात केली. घाईने नाही. मोठ्या बाई माझ्या जवळ येऊन पुटपुटल्या, "बाई, वही कशाला काढलीत? आपल्याच अंगावर येईल." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साहेबांचं बोट पान संपवून पुढच्या पानावर गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"इथे शेरा नाही. सहा दिवसांनी परत, आणि सही पालकांची. हे काय?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. मुलगी गावाला गेली होती म्हटलं असतं तर संपलं असतं.

"ती दवाखान्यात होती," मी म्हणाले. "तिला दमा आहे. पुस्तक मी दिलं होतं. माझ्या भावाने, म्हणजे बाइंडरने, मुलांना देऊ नकोस म्हणून सांगितल्यावर दिलं होतं. तिच्या आईला मी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही."

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. मी टेबलाची कड धरून ठेवली.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला, एक कपाट उघडलं आणि अगदी वरच्या फळीवरून, मधूनच, एक पुस्तक ओढलं. माझ्या हाताला सहज लागणार नाही असं. पुठ्ठे दोन बाजूंना ताणून त्यांनी कणा उघडा केला. आत हिरवं-काळं पसरलं होतं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सातव्या पुस्तकानंतर त्यांनी थांबून हात झटकले. तेवढ्यात त्यांनाही खोकला आला होता.

"नियमात एक कलम आहे," ते म्हणाले. "आरोग्यास अपायकारक साहित्य. औषधांसाठी, धान्यासाठी वापरतात. पुस्तकांना कुणी लावल्याचं मी पाहिलं नाही. पण पुस्तकांना लागू नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. त्याला पुरावा लागतो, अपाय झाल्याचा. तो तुमच्याकडे आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही आत्ता बोललात ते लेखी द्याल?"

"देते."

"समजून घ्या. हा कागद फाइलला लागणार. फाइल वर गेली की तुमची चौकशी लागणार. पुस्तकं येतील. तुम्ही असाल की नाही, मी सांगू शकत नाही."

"आणि बादली?"

"बादलीचं मी लिहिणारच," ते म्हणाले. "एक पुस्तक. क्रमांक एक. तेवढंच भिजवलं, हेही लिहीन."

मी लिहायला बसले. सव्वीस वर्षांत मी हजारो ओळी लिहिल्या असतील, पण त्या दिवशी अक्षर कबुतराने पाय ओढल्यासारखं आलं. आपण काय केलं हे पूर्ण वाक्यात लिहावं लागतं तेव्हा कळतं. "पुस्तक खराब असल्याचे माहीत असूनही" हे पाच शब्द लिहायला मला दहा मिनिटं लागली. दोनदा कागद फाडला. साडेचार वाजले. मोठ्या बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि माझ्या सहीखाली, कुणी न सांगता, स्वतःचीही सही केली.

मग तो अर्ज. साहेबांनी सुधारित नमुना पुढे केला. अकराच्या जागी मला खरा आकडा लिहायचा होता. मी लिहिलं, सर्व. ते म्हणाले, आकड्यात लिहा. मी दाखल वहीतून शेवटचा क्रमांक बघितला, पुराआधीच रद्द झालेल्या पुस्तकांची वजाबाकी केली आणि लिहिला. माझ्या हाताने, एका ओळीत, सगळी गेली. मला रडू आवरलं नाही. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

ग्रंथालयात मोबाइलला रेंज येत नाही. पाचला दहा कमी असताना आम्ही तिघं कागद घेऊन मैदानात धावलो. साहेब झेंड्याच्या खांबाच्या ओट्यावर चढून, कागदांचे फोटो पाठवायला फोन वर धरून उभे होते, फोनमधलं चक्र फिरत होतं, फिरतच होतं. मोठ्या बाई मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. मामांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी साहेबांना खालून धरून ठेवलं होतं, पडू नयेत म्हणून. पाचला दोन कमी असताना साहेब म्हणाले, "गेलं."

नऊ दिवसांनी एकाच टपालात दोन पाकिटं आली. एकात ग्रंथालयासाठी मदत मंजूर झाल्याचं पत्र. दुसरं माझ्या नावाचं, चौकशीचं, पुढच्या महिन्याच्या तारखेचं. मोठ्या बाईंनी पहिलं मोठ्याने वाचलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

मी त्याच दुपारी वाळवीच्या घरी गेले. तिची आई दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. आत या म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐकून घ्या, मग बोलवायचं तर बोलवा. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने हातातली घडी पूर्ण केली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी तुमच्यासमोर उभी होते तेव्हाही?"

"हो."

तिने दुसरा कपडा घेतला. मग म्हणाली, "दोन दिवस मी तिच्या नाकावरची नळी धरून बसले होते. माझंच काही चुकलं असेल, घर नीट झाडलं नसेल, असं वाटत होतं मला. आणि ही पोरगी शुद्धीवर आल्या आल्या विचारते, बाई रागावतील का, पुस्तकाला उशीर झाला." तिने माझ्याकडे पाठ केली. "जा तुम्ही."

मी वळले, तोच आतून आवाज आला. "बाई?"

वाळवी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आधीपेक्षाही बारीक दिसत होती. "ते पुस्तक जाळलं का?"

"लगद्याला दिलं. सगळीच दिली."

तिचा चेहरा उतरला. "दिवा विझला होता हो. धाकटी एकटीच होती वर, आणि बोट येत होती."

मला ती गोष्ट तोंडपाठ आहे. म्हटलं, निदान एवढं तरी आपण देऊ शकतो. "सांगू का तुला पुढचं? दोन मिनिटांत सांगते."

"नको!" तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "शेवट नका सांगू. नवं येईल ना? तुम्हीच आणताय ना नवी? मग माझं नाव लावून ठेवा. पहिलं मला."

मी तिच्या आईकडे बघितलं. ती पाठमोरीच होती, पण तिच्या हातातली घडी थांबली होती.

"ठेवा लावून," ती म्हणाली.

शाळेत परत आले. खोली रिकामी होती, कपाटं पुसून उघडी ठेवली होती, कसलाही वास नव्हता. नवी देवघेवीची वही खणात होती, अजून कोरी. मी पहिल्या ओळीवर वाळवीचं खरं नाव लिहिलं, सावकाश, चांगल्या अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "शेवट सांगू नये". मी नसले तर जे कोणी इथे बसतील, त्यांना कळायला हवं.